गळ्याची नोंद कोण ठेवणार?

चंदीगडला लागून असलेल्या मोहालीत, सेक्टर ८१ मध्ये, नॉलेज सिटी उभी आहे. २००७ मध्ये स्थापन झालेली भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था, म्हणजे आपल्याला पुण्यामुळे परिचित असलेली ‘आयसर’, तिथे आहे. नॅनोविज्ञानाची राष्ट्रीय संस्था आहे, इंडियन स्कूल ऑफ बिझनेसचे संकुल आहे. काळ्या आणि जांभळ्या गव्हाचे वाण तयार करणारी कृषी-अन्न संशोधनाची राष्ट्रीय संस्थाही याच वसाहतीत आहे. गव्हाचा एक वाण तयार होतो तेव्हा त्याचे मूळ कोणते, संकर कशाशी झाला, कुठल्या हंगामात किती उतारा पडला, हे सारे लिहून ठेवले जाते. नोंदीवाचून विज्ञान एक पाऊल पुढे सरकत नाही, हे तिथल्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते.

याच परिसरात, शेजारच्या पंचकुल्यात, सुरिंदर कौर आयुष्याच्या अखेरच्या काळात राहायला आल्या होत्या. पंजाबी भाषेतल्या या सर्वांत लाडक्या गायिकेची ऐन उमेदीची वर्षे दिल्लीत गेली. उतारवयात आपल्या मुलखाच्या जवळ असावे म्हणून त्या इकडे आल्या आणि झिरकपूरला घर बांधावे असे त्यांच्या मनात होते. ते व्हायचे राहून गेले. १४ जून २००६ रोजी अमेरिकेत, न्यू जर्सीत, त्यांचे निधन झाले. जवळजवळ साठ वर्षे त्या गात होत्या आणि मागे दोन हजारांच्या आसपास गाणी ठेवून गेल्या. गव्हाच्या वाणाला जी काटेकोर नोंद मिळते ती या दोन हजार गाण्यांना मिळायला हवी की नको, हा या लेखाचा प्रश्न आहे. माझ्या मते ती मिळायलाच हवी, आणि ती ठेवणे हे विद्यापीठांचे आणि सरकारांचे काम आहे. हौशी संग्राहकांच्या खांद्यावर ते सोडून देणे हा आपल्या समाजाचा मोठा दोष आहे.

लोकप्रिय गायकाचे आयुष्य आपल्याकडे दोनच प्रकारे लिहिले जाते. एक श्रद्धांजलीपर लेख, दुसरा आठवणींचा लेख. दोन्हींत माया असते, पण माहिती थोडी असते आणि तीही एकमेकांकडून उचललेली. शास्त्रीय गायकांची घराणी, गुरुपरंपरा, बंदिशी यांवर मराठीत चांगले लेखन झाले आहे. कवींच्या हस्तलिखितांचा शोध घेतला जातो. पण जिची तबकडी लग्नाच्या मांडवात, जत्रेत, उपाहारगृहात वाजत राहिली, तिच्या कामाकडे अभ्यासाचा विषय म्हणून पाहायला आपण बिचकतो. ज्याला लाखो माणसांनी आपले मानले त्यात अभ्यासण्यासारखे काय असणार, अशी एक समजूत त्यामागे असते. ही समजूत चुकीची आहे. ती किती चुकीची आहे हे पाहण्यासाठी सुरिंदर कौर यांच्या पहिल्याच तबकडीपासून सुरुवात करू.

२५ नोव्हेंबर १९२९ रोजी लाहोरमध्ये एका शीख कुटुंबात त्यांचा जन्म झाला. थोरली बहीण प्रकाश कौर आधीपासून गात होती. बाराव्या वर्षी सुरिंदर तिच्याबरोबर शिकू लागली. शिकवणारे होते बडे गुलाम अली खाँ यांच्या नात्यातले मास्टर इनायत हुसेन आणि पंडित मणिप्रसाद. ऑगस्ट १९४३ मध्ये ती लाहोर रेडिओवर गायली आणि त्याच महिन्याच्या ३१ तारखेला दोघी बहिणींचे आई आणि लेकींच्या भेटीचे गाणे एचएमव्हीने मुद्रित केले. सुरिंदर तेव्हा चौदा वर्षांचीही नव्हती. ते गाणे पंजाबभर गाजले.

त्या तबकडीत काय काय साठवले गेले ते पाहा. मुसलमान आणि हिंदू गुरूंच्या हाताखाली तयार झालेले दोन शीख मुलींचे गळे आहेत. ज्या बायकांना अक्षरओळख नव्हती त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या तोंडी जपलेला भाव आणि बोली आहे. आणि हे सारे अशा लाहोरमधले आहे, जे पुढच्या चार वर्षांत कायमचे बदलून गेले. फाळणीने पंजाबी गावे उखडली, त्याबरोबर गाणी सांगणाऱ्या आज्या-मावश्याही विखुरल्या. पंजाबात नवरीकडची गाणी ‘सुहाग’ म्हणून वेगळी आणि नवऱ्या मुलाकडची ‘घोडी’ म्हणून वेगळी. ती गळ्यातून गळ्यात जायची, कारण शेजार कायम होता. शेजारच मोडला तेव्हा तबकडी हाच त्या गाण्यांचा आधार उरला. निर्वासितांच्या छावणीत वाढलेल्या मुलीच्या लग्नात जे सुहाग गायले गेले असेल, ते आजीकडून आलेले असण्याइतकेच तबकडीवरून आलेले असण्याची शक्यता आहे. फाळणीचा इतिहास लिहिणाऱ्याने सरकारी कागदपत्रांबरोबर या तबकड्याही पुरावा म्हणून हाताळल्या पाहिजेत.

फाळणीनंतर कुटुंब दिल्लीजवळ गाझियाबादला आले. १९४८ मध्ये सुरिंदर यांचे लग्न दिल्ली विद्यापीठात शिकवणाऱ्या जोगिंदर सिंग सोढी यांच्याशी झाले. त्याच सुमारास त्या मुंबईत पार्श्वगायन करत होत्या. संगीतकार गुलाम हैदर यांनी त्यांना ‘शहीद’ या १९४८ च्या चित्रपटात गायला दिले आणि ती गाणी चालली. मुंबईत थांबल्या असत्या तर हिंदी चित्रपटसंगीतात त्यांना जागा होती. १९५२ मध्ये त्या दिल्लीला परतल्या आणि पंजाबीतच गात राहिल्या. लोकगीते, बुल्ले शाहच्या काफी, आणि त्यांच्याबरोबरीने नंदलाल नूरपुरी, मोहन सिंग, अमृता प्रीतम, शिवकुमार बटालवी यांच्या कविता. कोणती कविता गायची आणि तिचा शब्द कसा उच्चारायचा यात सोढींचा मोठा वाटा होता. छापील आधुनिक कविता आणि तोंडी लोकगीत हे दोन्ही एकाच गळ्यातून, एकाच श्रोत्यापर्यंत गेले. शाळेची पायरी न चढलेला माणूसही बटालवी गुणगुणू लागला, त्यामागे अशा गायक-गायिकांचे काम आहे. एखाद्या भाषेत कविता लोकांपर्यंत कशी पोचते हा साहित्याच्या अभ्यासकांचा जुनाच प्रश्न आहे. त्याचे उत्तर ज्या कारकिर्दीत आहे ती अभ्यासक्रमाबाहेर ठेवून कसे चालेल?

आता महाराष्ट्राकडे या. सुरिंदर कौर यांच्यानंतर सव्वातीन वर्षांनी, मार्च १९३३ मध्ये, मुंबईत सुलोचना कदम जन्मली. गिरगावातल्या फणसवाडीच्या चाळीत आणि मेळ्यांच्या वातावरणात ती वाढली आणि अगदी लहान वयात हिंदी चित्रपटांत गाऊ लागली. मोहम्मद रफी, मन्ना डे अशा गायकांबरोबर तिची गाणी झाली. वसंत देसाई यांच्या संगीतात ‘हीच माझी लक्ष्मी’ या चित्रपटासाठी, पडद्यावर हंसा वाडकर असलेली लावणी गायची वेळ आली, तिथून वाट बदलली. दिग्दर्शक श्यामराव चव्हाण यांच्याशी लग्न झाल्यावर सुलोचनाबाईंनी लावणीचा खरा अभ्यास केला, तो त्यांच्याकडे. शब्द कुठे तोडायचा, कुठे फेकायचा, कुठल्या अक्षरावर ठसका द्यायचा आणि तो देताना अर्थ कसा निसटू द्यायचा नाही, हे त्यांनी बाईंकडून घटवून घेतले. सुलोचनाबाई त्यांनाच गुरू मानत. ‘रंगल्या रात्री अशा’ हा चित्रपट १९६२ चा. त्यातल्या लावणीला जगदीश खेबूडकरांचे शब्द आणि वसंत पवारांची चाल होती, आणि महाराष्ट्राने ती डोक्यावर घेतली. पाठोपाठ ‘सवाल माझा ऐका’ आणि ‘मल्हारी मार्तंड’ आले. ‘लावणीसम्राज्ञी’ ही पदवी आचार्य अत्र्यांनी दिली.

सुलोचनाबाईंच्या कामातले ज्ञान कुठे आहे, असे कोणी विचारील. ते दोन ठिकाणी आहे. एक, बोलीत. गिरगावच्या मुलीने कोल्हापूर-सांगलीकडची बोली इतकी आपलीशी केली की त्या मुलखातल्या माणसाला ती घरची वाटली. हे कसे साधते, हा ध्वनिशास्त्राचा आणि भाषाविज्ञानाचा अस्सल विषय आहे. दोन, समाजाच्या इतिहासात. तमाशाच्या बोर्डावरची लावणी पांढरपेशा घरात शिरायला धजत नव्हती. सुलोचनाबाई पदर दोन्ही खांद्यांवर घेऊन, जागेवर उभ्या राहून, हावभाव न करता गायल्या आणि शृंगाराचा सगळा भार त्यांनी आवाजावर घेतला. त्यामुळे लावणी कुटुंबाने एकत्र बसून ऐकण्याची गोष्ट झाली. यात मिळवले काय आणि गमावले काय, यावर गंभीर वाद व्हायला हवा. फडावर नाचून गाणाऱ्या कलावंतिणींच्या वाट्याला ही प्रतिष्ठा आली का? त्यांचे नाव, त्यांचे पैसे, त्यांच्या चाली कुठे गेल्या? सुलोचनाबाईंची थोरवी मान्य करूनच हे प्रश्न विचारायचे आहेत. पण ते विचारायचे तर हाताशी तपशील लागतो. कोणती चाल कोणत्या फडावरून आली, ढोलकी कोणी वाजवली, मुद्रण कुठल्या दिवशी झाले. तपशील नसला की वाद होत नाही, नुसते गोडवे गायले जातात.

या दोन आयुष्यांत आणखी एक साम्य आहे आणि ते मनाला लागते. सुरिंदर कौर यांना पद्मश्री मिळाली ती २००६ मध्ये, आणि त्याच वर्षी त्या गेल्या. सुलोचनाबाईंना पद्मश्री मिळाली ती २०२२ मध्ये, नव्वदीच्या उंबरठ्यावर, आणि त्याच वर्षी १० डिसेंबरला त्या गेल्या. सुरिंदर कौर यांच्या नावाची शिफारसही पंजाबकडून आली नाही, हरियाणाकडून आली, आणि याची खंत त्यांनी बोलून दाखवली होती. ज्या भाषेला आयुष्य दिले त्या भाषेच्या राज्याला आपले नाव सुचले नाही, हे त्या बाईंना केवढे जड गेले असेल! पुरस्कार उशिरा मिळतात ही जुनीच तक्रार आहे आणि केवळ तेवढ्यासाठी लेख लिहिण्याची गरज नाही. पण उशीर का होतो याचे कारण महत्त्वाचे आहे. ज्या कलाकाराचे काम नोंदलेले असते, ज्याच्यावर प्रबंध झालेले असतात, ज्याची सूची समोर ठेवता येते, त्याचे नाव समितीसमोर लवकर येते. ज्याचे काम केवळ लोकांच्या ओठांवर असते, त्याच्यासाठी बोलणारे कागद नसतात. उशिरा मिळणारा सन्मान हे नोंद नसण्याचेच एक लक्षण आहे.

हे फक्त आपल्याकडेच होते असे नाही. जपानची मिसोरा हिबारी ही या संदर्भात नीट अभ्यासावी अशी गायिका. २९ मे १९३७ रोजी योकोहामा इथे एका मासेविक्रेत्याच्या घरी ती जन्मली. खरे नाव कातो काझुए. दुसरे महायुद्ध संपले तेव्हा ती आठ वर्षांची होती, आणि बेचिराख शहरांत ती मोठ्यांची गाणी गाऊ लागली. जपानी आकाशवाणीच्या, म्हणजे एनएचकेच्या, हौशी गायकांच्या चाचणीत परीक्षकांनी तिला नाकारले. मोठ्यांचे गाणे लहान मुलीने मोठ्यांसारखे गावे हे त्यांना रुचले नाही. १९४९ मध्ये कोलंबिया कंपनीने तिची पहिली तबकडी काढली आणि त्याच वर्षीच्या चित्रपटाने ती घरोघरी पोचली. सुशिक्षित टीकाकारांनी तिला नाके मुरडली, कष्टकरी माणसाने मात्र तिला आपली मुलगी मानले. १९५७ मध्ये टोकियोतल्या आसाकुसाच्या नाट्यगृहात एका मुलीने तिच्यावर आम्ल फेकले, तरी ती पुन्हा उभी राहिली. १९७३ मध्ये भावाच्या गुन्हेगारी टोळ्यांशी असलेल्या संबंधांमुळे वर्षअखेरीच्या मानाच्या संगीत-कार्यक्रमातून हिबारींना वगळले गेले. आजारातून उठून ११ एप्रिल १९८८ रोजी टोकियो डोममध्ये त्यांनी भरगच्च कार्यक्रम केला आणि २४ जून १९८९ रोजी, अवघ्या ५२ व्या वर्षी, त्या गेल्या. जपान सरकारचा ‘राष्ट्रीय गौरव सन्मान’ त्यांना मरणोत्तर मिळाला. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री.

म्हणजे जपाननेही उशीर केलाच. फरक नोंदीच्या बाबतीत आहे. हिबारींच्या तबकड्या, चित्रपट, कार्यक्रमांची मुद्रणे यांची सूची झाली, ती कंपनीने आणि कुटुंबाने सांभाळली, १९९४ मध्ये क्योतोच्या आराशियामा भागात त्यांच्या नावाचे संग्रहालय निघाले. युद्धोत्तर जपानचा इतिहास लिहिणाऱ्याला हिबारी टाळता येत नाहीत. पराभूत देशाने स्वतःला पुन्हा कसे उभे केले, अमेरिकी तालांचे जपानी सुरांत काय झाले, गरिबांच्या शहरी वस्त्या काय ऐकत होत्या, या प्रश्नांची उत्तरे त्यांच्या कारकिर्दीत शोधली जातात. अभ्यास आदरापेक्षा वेगळा असतो. त्यात टोळ्यांशी असलेले संबंधही येतात, मुलीच्या आयुष्यावरचा आईचा कडक ताबाही येतो. तपशील जपल्यामुळेच हे प्रामाणिकपणे लिहिता येते.

नोंद जपण्याचे एक अनपेक्षित फळ २०१९ मध्ये समोर आले. एनएचके आणि यामाहा यांनी हिबारींच्या जुन्या मुद्रणांवरून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने त्यांचा आवाज घडवला आणि त्यात एक नवे गाणे गाऊन घेतले. त्यासाठी कंपनीकडची मुद्रणे तर लागलीच, शिवाय बाहेरगावी असताना त्यांनी आपल्या मुलासाठी गोष्टी वाचून भरून ठेवलेल्या ध्वनिफितीही उपयोगी आल्या. मुलाने परवानगी दिली. वर्षअखेरीच्या त्याच मानाच्या कार्यक्रमात ते गाणे सादर झाले. कित्येक जुने श्रोते रडले. पण यामाशिता तात्सुरो यांच्यासारख्या नामवंत गायक-संगीतकाराने ही मृतात्म्याची विटंबना आहे असे स्पष्ट म्हटले. मला यामाशितांचे म्हणणे पटते. मेलेल्या माणसाच्या तोंडी त्याने न उच्चारलेले शब्द घालण्याचा अधिकार वारसालाही नसावा. तरीही या प्रसंगातून एक गोष्ट निर्विवाद कळते. ज्या समाजाकडे व्यवस्थित संग्रह आहे तो अशा प्रश्नावर निदान वाद तरी घालू शकतो. कोणाची मुद्रणे वापरली, कोणाला विचारले, कशासाठी वापरली हे तिथे सांगता येते.

आपल्याकडे हा प्रश्न दारात येऊन ठेपला आहे. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाची परवानगीवाचून कृत्रिम नक्कल करण्याला अंतरिम मनाई केली. निर्णय स्वागतार्ह आहे. पण न्यायालयात जायला हयात माणूस लागतो, पैसा लागतो, वकील लागतो. सत्तर वर्षांपूर्वी तबकडीवर गायलेल्या आणि आज विस्मरणात गेलेल्या गायिकेसाठी कोण जाणार? ध्वनिमुद्रणाचा हक्क आपल्या कायद्याने प्रसिद्धीनंतर ६० वर्षे टिकतो. म्हणजे १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणांवरचा हक्क २०२२ संपताच संपला. शब्दांचे आणि चालीचे हक्क वेगळे मोजले जातात, पण मुद्रणे म्हणून ती आता सर्वांची आहेत. सर्वांचे झालेले धन कोणीच राखले नाही तर ज्याच्याकडे यंत्रे आहेत तोच ते उचलतो. सार्वजनिक संग्रह हा इथे एकमेव बचाव आहे.

यावर आक्षेप येतील आणि ते विचारात घेण्यासारखे आहेत. पहिला आक्षेप असा, की लोकप्रिय गाणे बाजार जपतोच. मोहाली आज पंजाबी गाण्यांच्या धंद्याचे केंद्र आहे. तिथल्या स्टुडिओंत तयार झालेले गाणे त्याच दिवशी कॅनडात वाजते. २०२३ मध्ये दिलजीत दोसांझ अमेरिकेतल्या कोचेला महोत्सवात पंजाबीत गायला. सुरिंदर कौर यांची गाणीही मोबाइलवर मिळतात. मग वेगळ्या संस्थेची गरज काय? गरज अशी, की बाजार गाणे जपतो पण गाण्याची ओळख जपत नाही. यूट्यूबवर एकच जुने गाणे वेगवेगळ्या नावांनी सापडते. कवीचे नाव बहुधा नसते, साल चुकीचे असते, साथीदारांचा पत्ताच नसतो. नव्या ठेक्यावर बसवलेले रूप वर येते आणि मूळ खाली जाते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या तबकड्यांत गायिका गाण्याच्या शेवटी स्वतःचे नाव उच्चारत असत. कलकत्त्याच्या गौहर जान यांची ती खूण प्रसिद्ध आहे. तबकडी छापणाऱ्या परदेशातल्या कारागिरांना ती कोणाची आहे हे कळावे म्हणून ती पद्धत होती. सव्वाशे वर्षांपूर्वी जी ओळख मुद्रणाबरोबर चालत होती ती आज त्याच्यापासून तुटली आहे. ओळख तुटली की मानधनही तुटते. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कवी, संगीतकार आणि गायक यांचा वाटा बळकट केला, पण वाटा द्यायचा कोणाला हे ठरवण्यासाठी आधी नाव माहीत असावे लागते.

दुसरा आक्षेप दर्जाचा. जे जास्त खपते ते चांगले असतेच असे नाही, मग सगळेच का जपायचे? याचे उत्तर मराठीतच तयार आहे. डॉ. अशोक दा. रानडे यांनी भारतीय संगीताची कोटींनुसार मांडणी केली. आदिम, लोक, भक्ती, कला, जन आणि संगम अशा कोटी त्यांनी मानल्या आणि जनसंगीताला कलासंगीताच्या पायरीखाली न बसवता त्याची स्वतंत्र मोजमापे असतात हे दाखवून दिले. जनसंगीत किती लोकांपर्यंत पोचते, कोणत्या माध्यमाने पोचते, किती वेगाने बदलते, कोणत्या प्रसंगी वाजते, हे त्याचे प्रश्न. त्याला रागाच्या शुद्धतेची पट्टी लावणे म्हणजे त्याचे आकलनच नाकारणे. वामनदादा कर्डकांचे उदाहरण घ्या. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडी गावचा, शाळेत न गेलेला, मोठेपणी अक्षरे शिकलेला हा माणूस. त्यांची गाणी गावोगावच्या गायनपार्ट्यांनी वस्त्यावस्त्यांत नेली आणि बाबासाहेबांचा विचार ज्यांच्या हाती पुस्तक पडणे अवघड होते त्यांच्यापर्यंत पोचला. प्रल्हाद शिंदे यांच्या आवाजात भीमगीतेही घुमली आणि विठ्ठलाची गाणीही. महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात या गायनाचे स्थान ठरवायचे तर ‘दर्जा काय’ हा प्रश्न पुरत नाही. ‘या गाण्याने काय घडवले’ हे विचारावे लागते.

तिसरा आक्षेप खर्चाचा. शाळांना छत नाही तिथे तबकड्यांचे संग्रहालय कशाला? या आक्षेपात कळकळ आहे, पण हिशेब चुकतो. संग्रह म्हणजे संगमरवरी इमारत नव्हे. सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था १९९० मध्ये मुंबईत सुरू झाली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केलेले सुरेश चांदवणकर यांनी अनेक वर्षे तिचा भार वाहिला. तबकड्यांचे क्रमांक, मुद्रणाची वर्षे, गायकांची चरित्रे यांवर या मंडळींनी जे लिहिले ते पगार घेऊन लिहिलेले नाही. भौतिकशास्त्राच्या शिस्तीत वाढलेला माणूस तबकडीवरचा क्रमांक वाचतो तेव्हा काय हाती लागते, याचे हे घरचे उदाहरण आहे. दोन-चार हौशी माणसे पदरमोड करून एवढे करू शकतात, तर एका संस्थेचा छोटासा विभाग किती करील! लाखेच्या जुन्या तबकड्या फुटतात, ध्वनिफितींना बुरशी लागते, पण एकदा नीट अंकीय प्रत करून माहिती जोडली की पुढचा खर्च मामुली असतो. खर्चाचे नाव पुढे केले जाते, पण खरी अडचण आपण या गोष्टीला महत्त्वाचे मानत नाही ही आहे.

पंजाब आणि महाराष्ट्र यांच्यात नोंदीचे एक फार मोठे नाते आहे आणि या चर्चेत ते विसरता येत नाही. नामदेव महाराजांची ६१ पदे शीख धर्मग्रंथात आहेत. गुरू अर्जनदेवांनी १६०४ मध्ये आदिग्रंथ सिद्ध केला तेव्हा संतांच्या रचना रागांनुसार लावल्या, कोणती रचना कोणाची हे लिहून ठेवले, पदांना क्रमांक दिले. म्हणून पंढरपूरच्या एका शिंप्याचे शब्द चारशे वर्षांनंतरही पंजाबात रोज, नावानिशी गायले जातात. २०१५ मध्ये गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमानला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, ते याच नात्यामुळे. नामदेवांची पदे त्या काळी लोकांचीच गाणी होती. ती टिकली त्यामागे भक्ती होती हे खरे, पण भक्तीबरोबर अतिशय काटेकोर संपादन होते हेही तितकेच खरे. ज्या भूमीने गाण्याची एवढी शिस्तबद्ध नोंद केली त्या भूमीला, आणि ज्या भाषेने तुकोबांची गाथा जिवापाड जपली त्या भाषेला, नोंदीचे महत्त्व बाहेरून कोणी शिकवायला नको. लोकप्रिय गाणे त्या नोंदीच्या लायकीचे आहे, एवढेच आता मान्य करायचे आहे.

मग करायचे काय? नॉलेज सिटीतल्या आयसरमध्ये विज्ञानाबरोबर मानव्यविद्यांचाही विभाग आहे. ध्वनीचे भौतिकशास्त्र जाणणारे, संगणकशास्त्र जाणणारे आणि समाजाचा इतिहास जाणणारे लोक एकाच आवारात आहेत, आणि पंजाबी गाण्यांचे स्टुडिओ त्याच शहरात आहेत. पंजाबी जनसंगीताचा सार्वजनिक संग्रह उभारायला याहून सोयीची जागा देशात क्वचितच असेल. सुरुवात सुरिंदर कौर यांच्या समग्र सूचीने करावी. प्रत्येक मुद्रणाची तारीख, तबकडीचा क्रमांक, कवी, संगीतकार, वादक, आणि तेच गीत आज कोणत्या गावात कसे गायले जाते. फाळणीच्या अभ्यासकांनी सीमेपलीकडच्या गावांतली रूपेही मिळवावीत. अशी एक सूची पुरी झाली की पुढच्या दहा कारकिर्दींसाठी पद्धत तयार होते.

महाराष्ट्रात हे काम मुंबई विद्यापीठाच्या लोककला अकादमीसारख्या संस्थांनी आणि मुंबईबाहेरच्या विद्यापीठांनी वाटून घ्यावे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाने लावणीच्या चालींचा आणि बोलीचा भाग घ्यावा, छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाने भीमगीते आणि गायनपार्ट्यांचा. सुलोचनाबाईंनी ‘माझं गाणं माझं जगणं’ हे आत्मचरित्र लिहून आपल्या वाटचा भाग पुरा केला आहे. त्यातल्या प्रत्येक मुद्रणाचा माग काढणे आता अभ्यासकांचे काम. आणि या साऱ्या संग्रहांना एक नियम हवा. कोणाचाही आवाज कृत्रिम नकलेसाठी द्यायचा नाही, कलाकाराने हयातीत स्पष्ट लेखी संमती दिली असेल तरच द्यायचा. हा नियम आजच केला तर उद्याचे भांडण टळेल.

हे काम लांबणीवर टाकता येत नाही, कारण माहिती माणसांबरोबर जाते. सुलोचनाबाईंच्या पिढीतले साथीदार आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले असतील. पण त्यानंतरच्या पिढीतले ढोलकीपटू, हलगीवाले, गायनपार्ट्यांतले पेटीवाले, ऑडिओ कॅसेटच्या काळात गाणी लिहून दिलेले आणि नाव न लागलेले कवी आपल्यात आहेत. त्यांतले कित्येक जण साठीच्या पुढे आहेत. कोणत्या स्टुडिओत रात्रभर मुद्रण चालले, कोणत्या ओळीची चाल कोणी बदलली, किती पैसे ठरले आणि किती हाती आले, हे त्यांना ठाऊक आहे. ते विचारायला गेलेला विद्यार्थी त्यांना आवडेल, कारण इतकी वर्षे कोणी हे विचारलेले नाही. पद्म पुरस्कारांची यादी वर्षातून एकदा निघते आणि तिच्यात थोड्यांनाच जागा असते. पण मराठीच्या, संगीताच्या, इतिहासाच्या प्रत्येक विभागाला या वर्षी एका लोकप्रिय गायकाचे काम संपूर्ण नोंदवायला घेता येईल, त्यासाठी दिल्लीच्या मंजुरीची गरज नाही. कलाकार हयात असताना, त्याला ऐकू येत असताना, त्याच्या कामाची अशी दखल घेणे हाच त्याचा खरा सन्मान, आणि तो देण्याचा अधिकार आपल्याकडे आजही आहे.